पाचव्या माळेचा उपास

"मानसिंगला उपाशी ठेवू नगंस, पोरी. त्याच्या बाचं पोट उपासानंच धरायचं. त्यातच गेला त्यो," आतेसासू बनाबाई म्हणाली होती. विजयमाला नुसती हसली. कराडच्या कॉलेजात सायन्स शिकलेली ती. उपासानं कुठं माणूस जातो?

मानसिंग पलटणीतून रजेवर आला की पोट धरून बसायचा. गावात एकच बोलणं, "मिल्ट्रीची रम, दुसरं काय!" तो म्हणायचा, "थेंबाला शिवलो न्हाई." शेवटी विजयमालाच म्हणाली, "खरं असेल तर घट उठेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहा. देवीसमोर."

तो राहिला. पाचव्या माळेला देव्हाऱ्यापुढंच कळवळून पडला. लघवी तपासायला बाटलीत धरली, ती उन्हात लालभडक झाली. गावच्या डॉक्टरनं हात झटकले, "दारूनं लिव्हर गेली."

सांगलीच्या दवाखान्यातून रक्त मुंबईला गेलं. उत्तर आलं तोवर मानसिंगचे हात लुळे पडले होते. मांडीवर लेक घेऊन विजयमाला त्याला दूधभाकरी भरवत होती.

"लिव्हर बिघडली की काही एन्झाइमं रक्तात चढतात. यांची चढलेली नाहीत," मोठे डॉक्टर म्हणाले. "पिणाऱ्याचं एक एन्झाइम उतरतं, दारू सुटली की परत वर येतं. तेही यांचं ठीक आहे. उतरलंय ते वेगळंच, तांबड्या पेशींतलं. निम्म्यावर आहे, तेही जन्मापासून. पॉर्फिरिया म्हणतात याला. अशा माणसाला उपास म्हणजे विष."

"झालं समाधान?" मानसिंग छताकडं बघत म्हणाला.

विजयमालाला रडू आलं नाही. तिनं पुढचा घास कालवला.

"घराण्यात आणखी कुणाचं पोट दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं आधी मांडीवरच्या लेकीकडं पाहिलं. मग तिला नणंद आठवली. सुलाबाई, फलटणला दिलेली. दर उपासाला आडवी होते, आणि सासरचे म्हणतात, नखरे. त्याच दिवशी विजयमालानं तिला निरोप धाडला, त्याला अजून उत्तर नाही. उद्या खंडोबाचे घट बसतात, आणि सुलाबाईच्या घरी सुनेनं ते दिवस उपाशी काढायचे असतात. नवऱ्याला असं टाकून विजयमालाला जाता येत नाही.

म्हणून भेटेल त्याला ती हेच विनवते, आणि तुम्हालाही: फलटणकडं निघाला असाल तर कारखान्याच्या चाळीत सुलाबाईचं दार वाजवा. ती जेवली का, तेवढं बघून या.