माझ्या अंगावरची खोटी वर्तुळं

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो. माझी चाकं कधीच काढून नेली आहेत आणि गाड्यांच्या आवाराच्या मागच्या बाजूला मला विटांच्या थरांवर चढवून ठेवलं आहे. म्हातारे ट्रक आपल्या लांबलांबच्या फेऱ्यांच्या बढाया मारतात म्हणे. मारू देत बापडे! मला जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, हेच बरं.

कारखान्यातून नवा कोरा बाहेर पडलो, तेव्हा माझा तोरा काय सांगू! निळाशार रंग, चकचकीत काचा. मालकांनी पहिल्या दिवशी दारावरून हात फिरवत सगळ्यांना बजावलं, "याला जपा रे." फरश्यांच्या पेट्या वाहायचं काम माझ्या वाट्याला आलं. एकदा डोंगरापलीकडे पाचशे पेट्या नेल्या आणि एकही फरशी फुटली नाही. तेव्हा गोदामातल्या माणसांनी माझ्या बॉनेटवर थाप मारून शाबासकी दिली होती. खरं तर ती शाबासकी माझ्या ड्रायव्हरची होती. त्याने नव्या पोरांना गाडी शिकवली म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. रोज सकाळी केबिनमध्ये चढताना तो म्हणायचा, "काय राजे, झाली का झोप?"

मालक दुष्ट नव्हते, हेही सांगायला हवं. पण ड्रायव्हर बेफिकीर चालवतात आणि भुर्दंड आपल्याला बसतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "स्वतःच्या खिशाला चटका बसला की डोळे आपोआप उघडतात," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी एक नियम केला. गाडी परत आली की फाटकावरचा मुकादम तिच्याभोवती चक्कर मारायचा. नवा पोचा दिसला की वहीत ड्रायव्हरचं नाव लिहायचा आणि दुरुस्तीचे पैसे त्याच्या पगारातून कापले जायचे. मग मुकादम त्या पोच्याभोवती पांढऱ्या रंगाने वर्तुळ काढायचा, म्हणजे तोच पोचा पुन्हा दुसऱ्या कुणाच्या माथी यायला नको. वर्तुळ दिसलं की गाडी आत.

चौथ्या वर्षी माझा हँडब्रेक ढिला झाला. मास्तरने मिस्त्रीला दोनदा सांगितलं. मिस्त्रीने मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू." एका दुपारी गोदामासमोर मला उभं करून मास्तर कागद आणायला गेला आणि मी आपला हळूहळू मागे घरंगळत गेलो. धाडकन खांबावर आदळलो. मागचा फाळका पार वाकला. तिथे चिटपाखरूही नव्हतं. मास्तर गप्प राहू शकला असता, पण त्याने स्वतः जाऊन मालकांना खरं काय ते सांगितलं.

त्याचा दोन महिने पगार कापला गेला. त्याच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे गेलं. चूक माझ्या अंगातली होती, मित्रांनो, आणि भरलं त्याने. मी तिथेच उभा होतो, पण मला बोलता थोडंच येतं! त्या दिवसापासून मास्तर चढताना मुकाट्याने चढायला लागला. एकदाच स्वतःशी पुटपुटला, "खरं बोलायची हौस फार ना आपल्याला!"

पुढच्या वर्षी एका अरुंद गल्लीत वळताना माझी पुढची डावी बाजू दगडी ओट्याला घासली. बंपरला पोचा आला आणि खाली कुठेतरी कडकन वाजलं. मास्तर उतरला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सीटखालून रंगाचा एक छोटा डबा काढला. असे डबे आवारातल्या बऱ्याच ड्रायव्हरांकडे असतात, हे मला ठाऊक होतं. त्यासाठी मास्तरनेच त्यांना पूर्वी झापलं होतं. आज त्यानेच माझ्या बंपरवर वर्तुळ काढलं आणि ते जुनं दिसावं म्हणून ओल्या रंगावर मूठभर धूळ उडवली. मुकादमाने एक नजर टाकली आणि म्हणाला, "हा जुनाच दिसतोय. चल, घे आत."

ते खोटं वर्तुळ घेऊन मी रांगेत उभा राहिलो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण बंपरच्या मागे, स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा वाकून त्याला चीर गेली होती. पोच्याची नोंदच नाही, मग मिस्त्री खाली वाकून बघणार कशाला? मी डावीकडे ओढायला लागलो. एवढंच मला जमण्यासारखं होतं. मास्तरच्या ते लक्षातही आलं. मिस्त्रीला सांगायचं तर कुठे आदळलं तेही सांगावं लागणार, म्हणून तो आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिला.

आठवड्याने मास्तर तापाने फणफणला. माझी फेरी त्याच्या मेहुण्याला मिळाली. मास्तरनेच त्याला गाडी शिकवून इथे कामाला लावलं होतं. किल्ली घेताना त्याने विचारलं, "भाऊजी, गाडीत काही बघायचंय का?"

मास्तरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "नाही रे. जरा डावीकडे ओढते, बाकी काही नाही."

उतारावर तो दांडा तुटला. पोरगा जिवाच्या आकांताने स्टिअरिंग फिरवत होता आणि माझी चाकं काही वळत नव्हती. मी कठडा फोडून भिंतीवर आदळलो. त्याच्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

मला ओढून आवारात आणलं. मालकांनी फैसलाही करून टाकला: पोराने बेफाम चालवली, दुरुस्ती त्याच्या राहिलेल्या पगारातून, आणि यापुढे कामावर यायचं नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरबरोबर त्याची बायको आपल्या भावाची पिशवी न्यायला आली. सीटखाली हात घातला, तर पिशवीबरोबर तो डबा हाती लागला.

"अहो, हा रंग कसला?" तिने विचारलं. मास्तर डबा घ्यायला पुढे झाला. ती म्हणाली, "तो सारखं एकच सांगतोय, 'ताई, स्टिअरिंग फिरत होतं पण गाडी वळत नव्हती.' कुणाला पटत नाहीये. तुम्हाला तरी पटतंय ना?"

मास्तरने तिच्या हातातून डबा घेतला आणि तो थेट आवारात मिस्त्रीशी बोलत असलेल्या मालकांसमोर जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं. गल्ली, ओटा, वर्तुळ, धूळ. एक शब्द लपवला नाही.

"अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?" मिस्त्री कळवळून म्हणाला. "नवा दांडा टाकायला मला अर्धा दिवस लागला असता!"

"हँडब्रेकच्या वेळी बोललो होतो," मास्तर म्हणाला.

मालकांचा चेहरा पडला. त्यांनी मुकादमाला वही आणायला लावली आणि माझ्या अंगावरची वर्तुळं मोजायला सांगितली. वर्तुळं बारा निघाली. वहीत नोंदी होत्या पाच. मास्तरच्या सुट्टीत कधी ना कधी मला चालवलेले चार ड्रायव्हर बाजूला उभे होते, ते आपापल्या चपलांकडे बघत होते. मालक माझ्या पायरीवर मटकन बसले. "म्हणजे माझ्याच गाडीला काय झालंय, ते मलाच कुणी सांगत नव्हतं," ते म्हणाले.

त्यानंतर नियम बदलला. दारू पिऊन गाडी ठोकली तर आजही गय नाही. पण चुकून धक्का लागला आणि त्याच दिवशी येऊन सांगितलं, तर दमडीही कापायची नाही. पोराच्या दवाखान्याचा खर्च मालकांनी उचलला आणि त्याचं काम राखून ठेवलं.

चार महिन्यांनी तो काठी टेकत आवारात आला. मास्तरला त्याच्याकडे बघवेना. तो चाकाचे नट आवळण्याचं सोंग करत राहिला. पोरगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "पगारच कापला असता ना, भाऊजी? मला सांगायचं होतं. अर्धा मी भरला असता."

मास्तरच्या हातातला पाना खाली पडला आणि तो माझ्या चाकाला टेकून ढसाढसा रडला.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणी तुमच्या गाड्या चालवेल, कुणी तुमची यंत्रं सांभाळेल. त्यांच्यातला एखादा खाली मान घालून तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, "माझ्या हातून मोडलं." तेव्हा त्याला आधी बसायला सांगा, पाणी द्या, आणि कुठे मोडलं ते नीट बघून घ्या. कारण त्यानंतर त्या गाडीत दुसरं कुणीतरी बसणार असतं.