एका हाताची खुर्ची

सकाळचे ऊन या खोलीत एकदम येत नाही. आधी खिडकीच्या गजांना एक फिकट कड येते, पाण्यात बुडवलेला कुंचला कुणी हलकेच फिरवावा तशी. मग समोरच्या भिंतीवर, पोपडे आलेल्या कोपऱ्यात, एक तिरकी पट्टी उमटते आणि आपण इथे कशाला आलो हे विसरल्यासारखी बराच वेळ तिथेच थांबते. खालच्या घरात नळ सुरू होतो, कुणीतरी खाकरते, जिन्यावरून दुधाच्या पिशव्या वर जातात, तरी ती हलत नाही. पुढे ती भिंतीवरून घसरून फरशीवर येते, फरशीतल्या प्रत्येक भेगेत उतरून पुन्हा वर चढते, आणि तिच्या वाटेत हवेतले बारीक कण आपण सोन्याचे असल्याचा आव आणत तरंगू लागतात. खरे तर ती नुसती धूळ असते, जुन्या कागदांची. शेवटी ऊन माझ्या पायांशी येते, वर चढते आणि माझ्या डाव्या हातावर विसावते. उजव्या हातावर ते विसावत नाही, कारण मला उजवा हात नाही.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. ऊन कधी खोटे बोलत नाही असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर ते मला पटायचे नाही. या खोलीतल्या खोटेपणात ते दर रविवारी सामील होत असे. मी रागावलेली आहे. आणि लाकडाचा राग लवकर विझत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका मोडक्या दरवाजातून झाला. सुताराने त्याच्या फळ्या तासून मला घडवले तेव्हा मला दोन्ही हात होते. मला घ्यायला आलेली बाई पुस्तकबांधणीचे दुकान चालवीत असे. ती माझ्यात बसली, सुईदोरा ओढल्यासारखा उजवा हात तिने लांबवर नेऊन पाहिला, आणि तिचे कोपर माझ्या हातावर आपटले.

"हा कापा," ती म्हणाली.

"बाई, चांगली धडधाकट खुर्ची लुळी करताय."

"दिवसभर कोपर आपटून मी लुळी होण्यापेक्षा ती झालेली बरी. कापा."

करवत चालली. त्या कापण्याचा मला कधीच राग आला नाही. मी कामाला लागले होते, आणि कामासाठी दिलेले अंग गेल्यासारखे वाटत नाही.

सारा मोहल्ला त्या बाईला आत्या म्हणे, कारण तिच्या घरातली दोन मुले तिला तशी हाक मारीत. भाऊ आणि वहिनी लागोपाठ गेल्यावर त्यांची ही मुले तिच्या पदरात आली होती. तिने स्वतःचा संसार मांडला नाही. पण खिळखिळी झालेली, पाने सुटलेली पुस्तके तिच्याकडे येत आणि ताठ होऊन परत जात. ती आधी जुना गोंद खरवडून काढी, पानांच्या घड्या सुट्या करी, त्या पुन्हा शिवी, आणि मगच पुठ्ठ्याला हात लावी. एकदा एक वकील घाईने म्हणाले, "आत कशाला हात घालता? वरून नवं कव्हर चढवा. उघडून कोण बघतंय?"

"उघडायचं नसेल तर वीट आणा," आत्या म्हणाली. "तिला कव्हर फुकट चढवून देते."

थोरला मुलगा माझ्या उजव्या अंगाला उभा राही. तिथे हात नसल्याने त्याला आत्याच्या कुशीला टेकता येई. दोरा ओढताना तिचे कोपर त्याच्या डोक्याला लागे आणि तो हसे. पुस्तके चिकटवण्यासाठी मैदा शिजवून केलेली खळ तो बोटाने चाटीत असे.

"खळ कमी कशी झाली रे?"

"उंदरानं खाल्ली."

"हो का? उंदराच्या नाकाला लागली आहे ती. पूस."

तेव्हापासून तो खळ्या झाला. त्याची धाकटी बहीण चिमी. ती मात्र लांब बसून दोऱ्याला मेण लावीत असे, मुकाट्याने, एकसारखे. ज्याला टेकायला जागा मिळते तो लाडका होतो आणि जो मेण लावतो तो गृहीत धरला जातो, हे मी तेव्हाच पाहिले.

खळ्या शिकला, आणि दूरदेशी नोकरी लागली तेव्हा त्याचा पाय निघेना. आत्यानेच त्याला ढकलले. "माझ्या कोपराशी उभा राहून म्हातारा होणार आहेस का? जा!" तो गेला. दरवर्षी येईन म्हणाला, आणि सुरुवातीला आलाही. मग सुट्टी मिळेनाशी झाली. 'सुट्टी मिळाली की येतो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की सुट्टी म्हणजे त्या देशातले एखादे दुर्मीळ जनावर असावे, क्वचितच नजरेला पडणारे, असे मला वाटू लागले.

आत्याची बोटे आखडली. दुकान बंद झाले. मला वर, या खोलीत आणले गेले, आणि ज्या अंगावर पुस्तकांचा संसार उभा राहिला त्या अंगावर इस्त्रीचे कपडे साठू लागले. चिमीचे लग्न झाले होते; नवऱ्यासह ती याच घरात राहून आत्याचे सारे करीत होती. जावईबापू माणूस भला, पण मी त्यांच्या डोळ्यांत खुपे.

"भंगारात द्या ही. एका हाताची खुर्ची म्हणजे पडायला आमंत्रण."

"मग तुम्ही बसू नका, जावईबापू," आत्या म्हणे.

मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी दारात उभे राहून, आवाज खाली घेऊन सांगितले, "आता औषधांनी त्रास कमी होईल, आजार नाही. कुणाला बोलवायचं असेल त्यांना बोलावून घ्या."

चिमी आत आली आणि माझ्या पाठीला धरून उभी राहिली. "दादाला सांगायला हवं."

"फोनवर?" जावईबापू म्हणाले. "तो तिकडे एकटा. ऐकून काय करील बिचारा?"

मित्रांनो, या घराची एक रीत होती. वाईट बातमी जुनी झाल्याशिवाय फोनवर सांगायची नाही. खळ्या तिकडे तापाने फणफणला तेव्हा त्याने बरे झाल्यावर कळवले. दुकान बंद पडले ते त्याला कुलूप गंजल्यावर कळले. प्रत्येक दुखणे बरे होऊन, हसत हसत सांगायचे, अशी ही मायेची रीत. मरण मात्र बरे करून सांगता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

रविवार आला की माझ्यावरचे कपडे उचलले जात. चिमी आत्याचे तोंड पुसून केस विंचरी. नवराबायको तिला पलंगावरून उचलून माझ्यात बसवीत. डावीकडे उशी, गुडघ्यांवर शाल, डावा पंजा माझ्या हातावर ऐटीत ठेवलेला. उजवीकडे काहीच नसल्याने ती कलंडे. म्हणून चिमी उजवीकडे, फोनमध्ये दिसू नये अशी, भिंतीला चिकटून उभी राही आणि आत्याचा खांदा तळव्याने पेलून धरी. जावईबापू समोर फोन धरीत. ऊन आत्याच्या गालांवर पडे आणि त्या गालांना उसनी तुकतुकी देई.

"आत्या, मस्त दिसतेस की!"

"तुझ्यापेक्षा बरी. केस कुठे गेले रे तुझे?"

"विकले. बाकी मग? सगळं ठीक ना?"

"ठीक."

या प्रश्नाचा मला सर्वांत जास्त राग येई. सगळे ठीक ना! त्याला एकच उत्तर बसते आणि ते विचारणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. फोन बंद झाला की चिमी अवघडलेला हात खाली घेई, आणि आत्या डोळे मिटून म्हणे, "झालं ना? आडवं करा मला." शिवण सुटलेल्या पुस्तकावर कव्हर चढवायला जन्मभर नकार देणारी बाई! तिच्यावरच ते चढवले जात होते, आणि तीही मान डोलवत होती. मला ओरडायचे होते. पण लाकडाला नुसते करकरता येते, आणि करकरले की जावईबापू म्हणत, "बघा, हिचे सांधे गेले."

एका सकाळी, रविवार नसताना, आत्याला मान धरवेना. चिमीने भावाला फोन लावला. "दादा, ये."

"काय झालं?"

"ये म्हणते ना!"

तो आला. जिन्यावर त्याच्या बॅगेची चाके आधी वाजली आणि मग त्याचा आवाज. तो आवाज फार मोठा होता. घाबरलेली माणसे असा मोठा आवाज लावतात. पलंगावर आत्या चादरीच्या घडीएवढी उरली होती. तिच्याकडे नीट न बघताच तो बोलत सुटला. "झोपलीये वाटतं. उठली की बसवू. चिमे, तू उगाच घाबरवलंस. रविवारी तर माझी टर उडवत होती!"

आत्याने डोळे उघडले, त्याला पाहिले, आणि तिचे ओठ हलले. "आलास? जेवलास?"

"जेवतो गं. आधी तुला तुझ्या सिंहासनावर बसवतो."

त्याने तिला एकट्याने उचलले. ती किती हलकी आहे हे त्याच्या हातांना कळले असणार, कारण तो क्षणभर थबकला. तरीही त्याने तिला माझ्यात बसवले, शाल सारखी केली आणि फोटो काढायला मागे सरला. चिमी दारात हाताची घडी घालून उभी होती. या वेळी ती उजवीकडे गेली नाही. तिच्या डोळ्यांत मी माझाच राग पाहिला, जुना, वाळलेला, पेट घ्यायला टेकलेला.

आत्या हळूहळू उजवीकडे कलू लागली. मला हात असता तर! जन्मात त्या एकाच क्षणी मी तो कापलेला हात परत मागितला. फोन फरशीवर पडला आणि खळ्याने गुडघ्यांवर झेपावत तिला झेलले.

"तुम्ही मला फसवलंत!" तो किंचाळला.

"फसवायला अक्कल लागते, दादा. ती आमच्याकडे कुठली? तुला जे बघायचं होतं ते दाखवलं, बास."

"मला कळणार कसं? मी तिकडे, मला तेवढंच दिसणार!"

"एकदा तरी विचारलंस? उठते का, खाते का, रात्र कशी गेली? नुसतं आपलं सगळं ठीक ना, सगळं ठीक ना!"

"अहो, जरा शांत..." जावईबापू मध्ये पडले.

"तुम्ही गप्प बसा!" दोघेही एका सुरात ओरडले. बहीणभावांचे त्या दिवशी एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झाले.

तेवढ्यात खळ्याच्या छातीवरून एक क्षीण आवाज आला. "भांडा खुशाल. पण आधी मला नीट धरा."

त्यानंतर रोज सकाळी खळ्या माझ्या उजव्या अंगाला फरशीवर बसे. त्याच्या खांद्याचा तिला आधार होई. तिचे कोपर त्याच्या डोक्यावर विसावे. ती फारशी बोलत नसे, एकदाच तिने त्याच्या टकलावरून बोटे फिरवली आणि म्हणाली, "कितीला विकलेस?" तो हसला, आणि ते हसणे कुठे थांबले आणि रडणे कुठे सुरू झाले ते मलाही कळले नाही. त्याच आठवड्यात, ऊन अजून भिंतीवर असताना, ती गेली. माझ्यात नाही, पलंगावर. चिमी तिच्या उशाशी होती आणि खळ्या खाली दूध घ्यायला गेला होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो तेच सांगे. "मला कुणी काही सांगितलंच नाही हो. स्क्रीनवर तर ठणठणीत दिसायची." लोक मान हलवीत. चिमी चहाचे कप उचलीत असे, लहानपणी मेण लावायची तशी. मी प्रत्येक वेळी करकरले. एकाचेही लक्ष गेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या खुर्च्यांची निगा राखा, त्यांना तेलपाणी करा, असे मी शेवटी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. मला तेल नको. तुमचे कुणी दूर असेल, किंवा तुम्हीच दूर असाल, तर 'सगळं ठीक ना' असे कधीही विचारू नका. आज खिडकीपर्यंत चालत गेलीस का, असे विचारा. भाकरी किती खाल्लीस, कुणी भरवली, असे विचारा. ज्यांचे उत्तर ऐकणे जड जाईल असे प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. जे घरी आहेत त्यांनीही दुखण्याचे केस विंचरून त्याला उन्हात बसवू नये. हे मी प्रेमाने सांगत नाही. रागानेच सांगते आहे.

खळ्याच्या परतीच्या दिवशी बॅग दाराशी उभी होती. चिमी पलंगावरची चादर काढीत होती. तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात बसला, आणि त्याचा उजवा हात टेकायला जागा शोधीत खाली लोंबकळला.

"हिला हात बसवून घेऊ या का?" तो म्हणाला. "सुताराला सांगून जातो."

"कशाला? आता कोण पडणार आहे?"

तो खिडकीकडे पाहत राहिला. ऊन फरशीवर आले होते. खाली गाडीवाल्याने भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. खळ्या उठला नाही.

"चिमे."

"काय?"

"तुझा हात मला दिसायचा. आत्याच्या खांद्यावरचा. पहिल्या रविवारपासून दिसायचा."