दोनदा मिळालेलं नाव

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे, बर्फावरची घसरगाडी ओढणारा. माझे दात झिजून हिरड्यांना टेकले आहेत. उजव्या पुढच्या पंजाचं एक बोट वाकडं आहे, आणि सकाळी मागचे पाय उठता उठत नाहीत. आमच्या किनाऱ्यावर असा कुत्रा फार दिवस ठेवत नाहीत. त्याच्या गळ्यात दोरी घालतात, कातडं सोलतात आणि त्याच्या केसाळ कातड्याची किनार कुणाच्या तरी टोपीला लागते. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, मलाही नाही. मी अजून जिवंत आहे तो एवढ्याचसाठी, की एका माणसाचं नाव माझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे.

मी जन्मलो तेव्हा वस्तीत तीनच घरं होती आणि तिन्ही घरांत सुतक असल्यासारखी शांतता होती. महिन्याभरापूर्वी माझ्या धन्याचा, मितेकचा, थोरला भाऊ खाडीत बुडाला होता. खाडी नुकतीच गोठली होती. थोरला म्हणत होता, लांबून वळसा घालू. धाकटा मितेक हसला आणि म्हणाला, "म्हातारा झालास काय रे दादा?" मग थोरला हातातल्या काठीने बर्फ ठोकत पुढे चालू लागला, आणि वीस पावलांवर दिसेनासा झाला. हाती लागली ती फक्त काठी.

आमच्याकडे मेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत. ते नाव एखाद्या नव्या बाळाला दिलं की मगच पुन्हा तोंडात येतं, आणि नावाबरोबर तो माणूसही घरात परत येतो. तोवर तो बाहेर असतो, वाऱ्यात. पण त्या वर्षी तिन्ही घरांत एकही बाई गरोदर नव्हती. मितेकची बायको इनालू लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी रिकामीच होती. थोरल्याची आई सिमिगाक दिव्याशी बसायची आणि वारा वाजला की दाराकडे बघायची.

एक दिवस ती उठली आणि सरळ आमच्या खोपटात आली. आम्ही सात पिल्लं होतो. इतर वेळी पिल्लांची नावं ठेवायला कुणी येत नाही. काळं तोंड असलं तर काळतोंड्या, कान फाटला तर कानफाट्या, झालं बारसं. म्हातारीने मात्र एकेकाला मानगुटीला धरून उचललं. सहा जण केकाटले. मी गप्प राहिलो.

"हाच," ती म्हणाली. "माझा लेकही असाच होता. कितीही लागलं तरी ओरडायचा नाही."

खरं सांगतो मित्रांनो, मी नुकताच पोटभर प्यायलो होतो आणि मला झोप येत होती.

मितेक मागोमाग आला. "आई, अगं दादाचं नाव कुत्र्याला?"

"पोर होईल तेव्हा होईल. तोवर माझं लेकरू बाहेर कुडकुडत बसणार का?"

"आणि हा चुकला तर? मी दादावर चाबूक उगारू?"

"नको उगारूस. तो होता तेव्हा उगारायचास का?"

शेजारचा तोर्नगे दारातून वाकून बघत होता. त्याला गंभीर राहणं कधी जमलं नाही. "सिमिगाकआजी, उद्या हा माद्यांच्या मागे लागला तर त्यांना सगळ्यांना वहिनी म्हणायचं का हो?"

म्हातारी महिन्याभराने पहिल्यांदा हसली. मग तिने पाण्यात बोट बुडवून माझ्या तोंडाला लावलं आणि हळूच म्हणाली, "उजाराक." मितेकने तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून मी त्या घरातला थोरला झालो. म्हातारी मला बाळा म्हणे. मितेक दादा म्हणे. इनालूच्या नात्याने मी तिचा मोठा दीर, तेव्हा तिने भाऊजी म्हणणं आलंच. मी तिच्या पातेल्यात तोंड घातलं की ती पळी उगारून ओरडायची, "भाऊजी, लाज आहे का काही?" तोर्नगे लांबून सांगायचा, "मितेक, तुझे दादा माझा वाळवलेला मासा घेऊन गेले बघ. थोरल्यांना बोलायचं तरी कसं!" सगळे हसायचे, आणि मी खाऊन मोकळा व्हायचो. चांगले दिवस होते ते.

मी गाडीला लागलो तो म्होरक्या म्हणूनच. माझ्यापेक्षा हुशार कुत्रे होते, पण दादाने मागून कसं धावायचं? इतरांच्या पाठीवर चाबूक वाजायचा. ते शिकले, की बारीकसारीक दुखलं तरी चालायचं. माझ्या पाठीला चाबूक कधी लागला नाही, आणि मी एवढंच शिकलो, की मी थांबलो की गाडी थांबते. हाक मारून मुकाट्याने वाट बघणारा धनी कुठल्या कुत्र्याला मिळतो सांगा!

तिसऱ्या वर्षी एकदा मी खाडीच्या तोंडाशी थांबलो. तेव्हा मला खरोखरच बर्फाखालच्या पाण्याचा वास आला होता. मितेकने पुढे जाऊन काठी मारली तर ती आरपार गेली. तो माझ्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. "दादा, या वेळी मी ऐकलं हां. ऐकलं ना?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती गोष्ट त्याने घरोघरी सांगितली. माझा मान वाढला. मलाही वाटू लागलं, की माझं थांबणं म्हणजे काहीतरी मोठंच असतं.

पाचव्या वर्षी इनालूला मुलगा झाला.

सिमिगाकने तेच केलं, बोट पाण्यात बुडवलं, ओठांना लावलं, नाव घेतलं. पोर रडायचं थांबलं. म्हातारी म्हणाली, "आला गं बाई घरात एकदाचा." मितेक आपल्याच लेकाला दादा म्हणू लागला, इनालू त्याला दूध पाजताना चेष्टेने भाऊजी म्हणू लागली. कुणालाही सुखाने भरून यावं असं ते घर होतं.

मला काय म्हणायचं हे मात्र कुणी ठरवलं नाही. नाव पोराकडे गेलं, ते दोघांकडे कसं राहणार? आणि काळतोंड्या म्हणायला माझं तोंड काळं नव्हतं. आतून "उजाराक" अशी हाक आली की मी दाराशी धावायचो. इनालू कातडं खरवडायची सुरी फेकून मारायची. "तुला नाही रे बोलावलं! हाड!" मग मितेकही नुसतं "ए" म्हणू लागला. ते "ए" म्हणतानाही तो माझ्या डोळ्यांत बघत नसे. चाबूक मात्र त्याला अजून माझ्यावर उगारता येत नव्हता. नाव काढून घेतलं तरी हाताला सवय लागलेली असते.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी भूक आली. महिनोन्‌महिन्यांच्या अंधारानंतर सूर्य परतला होता, पण वादळ हटत नव्हतं आणि सीलांची शिकार थांबली होती. आधी आमचं खाणं बंद झालं, मग माणसांचं. घरातले दिवे विझले, कारण चरबी जाळायची की खायची हा प्रश्न होता. आमच्यातला कानफाट्या गेला, त्याची आई गेली, त्यांचं मांस शिजलं. इनालूचं दूध आटलं. पोर रडत नव्हतं, नुसतं चोखत होतं.

वादळ उघडलं त्या सकाळी मितेक आणि तोर्नगे दोन गाड्या घेऊन, बर्फ संपतो तिथे खुल्या पाण्याच्या कडेला सील मारायला निघाले. मितेककडे पाच कुत्रे उरले होते, तोर्नगेकडे तीन, तेही लंगडत. आम्ही बरेच पुढे होतो. अर्धी वाट झाली. मला पाण्याचा आणि सीलांचा वास येत होता, मित्रांनो. चांगला येत होता.

तिथे मी थांबलो.

बर्फ जाड होता. थांबलो, कारण माझ्या उजव्या पंजाच्या बोटांमध्ये बर्फाचा खडा जमला होता आणि टोचत होता. आमच्यात हे रोजचंच. कुत्रा थांबला की धनी पुढे येतो, पंजा उचलतो, दातांनी खडा काढून थुंकतो आणि कुत्र्याला एक लाथ घालतो. काळतोंड्या थांबला असता तर मितेकने हेच केलं असतं. मी वाट बघत उभा राहिलो.

मितेक आला, पण माझ्या पायाशी वाकला नाही. तो समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचे ओठ फुटले होते. "ए," तो म्हणाला. मग अगदी हळू, "दादा?" नाव पोराकडे गेलं होतं हे त्याला ठाऊक होतं. तरी म्हणाला, "पुढे नको म्हणतोस?"

त्याने काठीने बर्फ ठोकून पाहिला. काठी आत गेली नाही. एकदा दादाचं न ऐकल्याने काय झालं हे त्याने पाहिलं होतं. त्याने गाडी वळवली. आणि घराकडे तोंड झालं की लंगडा कुत्राही पळतो. मी पळालो.

वाटेत तोर्नगे भेटला. "परत?" त्याने विचारलं. "कुत्रा नको म्हणतो," मितेक म्हणाला. त्या दिवशी तोर्नगेने चेष्टा केली नाही. तो पुढे गेला.

तो तिसऱ्या दिवशी परतला. पाण्याच्या कडेला त्याला पुन्हा वादळाने अडवलं होतं, पण गाडीवर दोन सील होते. त्याने आधी आमच्या दाराशी मांस टाकलं. पोर आदल्या दिवशीच गेलं होतं. तोर्नगे मितेकला एवढंच म्हणाला, "बर्फ हातभर जाड होता रे." आणि लगेच त्याला वाटलं असावं की हे बोललो नसतो तर बरं.

दुसऱ्या दिवशी मितेक दोरी घेऊन माझ्याकडे आला. तो रागात नव्हता. रागात असता तर मला कळलं असतं. त्याने माझ्या गळ्यात फास अडकवला आणि दोरीचं दुसरं टोक गाडीच्या उभ्या दांड्यावरून टाकलं. सिमिगाक दारात उभी राहून ओरडली, "अरे, पोर गेलं, नाव पुन्हा उघड्यावर पडलंय! याला मारलंस तर तो कुठे जाईल?"

"हा नुसता कुत्रा आहे, आई," मितेक म्हणाला.

तेवढ्यात इनालू बाहेर आली. पोर गेल्यापासून ती बोलली नव्हती. ती मितेकच्या आणि माझ्यामध्ये खाली बसली. मला वाटलं, ही स्वतःच्या हाताने दोरी ओढणार. तिचा तो हक्कच होता. पण तिची नजर माझ्या पंजावर गेली. पंजा सुजला होता, एक बोट काळं पडलं होतं, आणि बोटांच्या मधे रक्ताने लाल झालेला खडा अजून तसाच होता. तिने पंजा हातात घेतला.

तिला सगळं कळलं, मित्रांनो. तिने वर नवऱ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ती सांगेल. तिने सांगितलं असतं तर मितेकने ती दोरी माझ्या नव्हे, स्वतःच्या गळ्यात घातली असती.

तिने तो खडा दातांनी काढला आणि मुठीत मिटून घेतला. दुसऱ्या हाताचं बोट तिने तोंडात ओलं केलं, कारण पाणी आणायला तिथे कुणी उठलं नसतं, आणि ते माझ्या ओठांना लावलं.

"उजाराक," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "भाऊजी, आत चला."

त्याला सहा हिवाळे झाले. सिमिगाक गेली. तिचं नाव तोर्नगेच्या नातीला मिळालं, ती पोरगी मजेत आहे. इनालूला मूल झालं नाही. ती माझ्यासाठी मांस चावून मऊ करते आणि माझ्या तोंडात भरवते, कारण मी मेलो तर तिचं पोर आणि तिचा दीर दोघेही वाऱ्यात उभे राहतील. तिच्या घशातून "उजाराक" ही हाक निघते तेव्हा ती कुणासाठी असते, हे मला ठाऊक आहे. मी तरीही उठून जातो.

मला मोठं नाव दिलं, मान दिला, माझ्यावर कधी हात उचलला नाही. पण त्या एका सकाळी माझ्यापुढे कुणी वाकलं नाही. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या सोबतचं कुणी चालता चालता थांबलं, तर त्याच्या तोंडाकडे बघत अर्थ शोधत बसू नका. आधी त्याचा पाय बघा.

इनालू रोज संध्याकाळी बघते. आधी उजवा पंजा उचलते, बोटं एकेक करून फाकवते, आणि मगच मला नावाने हाक मारते.