तिसरी गोलरक्षक

वीत्स्केने अंगावरचे जाड जाकीट उतरवले आणि घडी न घालताच बाकावर टाकले. शेजारी बसलेल्या लूसने, म्हणजे संघाच्या दुसऱ्या गोलरक्षकाने, ते आपल्या मांडीवर ओढून घेतले.

"उठलीस? अगं, या बाकाला तुझा साचा पडलाय. आता इथं दुसरं कुणी बसायचं कसं?"

वीत्स्के हसली नाही. अकरा वर्षे ती नेदरलँड्सच्या राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाची तिसरी गोलरक्षक होती. तिने सगळे सराव केले, सगळे दौरे केले. सामना मात्र एकही खेळली नव्हती. आज ती निवृत्त होणार होती. शेवटची दहा मिनिटे गोलात वीत्स्के उभी राहील, असे प्रशिक्षक हेर्माने सर्वांसमोर सांगून टाकले होते. त्या शब्दावर फ्रीसलंड प्रांतातले तिचे गाव बस भरून आले होते. गायींची धार दुसऱ्यावर सोपवून वडीलही आले होते. त्यांच्या डोक्यावर संघाच्या रंगाची नारिंगी टोपी होती, ती आईनेच चढवली असणार.

पण तो शब्द चार-पाच गोल सहज होतील, या हिशेबाने दिलेला होता. फलकावर एक-शून्य होते. बरोबरी झाली, तर गटातला पहिला क्रमांक हातचा जाणार होता. आणि पाहुण्या संघाला आता लागोपाठ कॉर्नर मिळू लागले होते; गोलात पहिली गोलरक्षक फेम्के होती.

हेर्मा बाकाजवळ आली. एकेकाळी ती आणि वीत्स्के एकाच क्लबकडून खेळलेल्या.

"बघतेयस ना, काय चाललंय ते?"

"बघतेय."

"मग तुला वेगळं सांगायला नको. तुझ्याइतकं समजूतदार या संघात कुणी नाही."

हे वाक्य वीत्स्केने पुष्कळदा ऐकले होते. दर वेळी तिने मान डोलावली होती आणि दर वेळी कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली होती. तिने हातमोज्याचा पट्टा आवळला.

"आज दुसरं कुणीतरी समजूतदार होऊ दे."

"वीत्स्के, गोल खाल्लास तर?"

"फेम्केनं खाल्ला तर तिला काय म्हणतेस?"

"काही नाही."

"मग मलाही काही म्हणू नकोस."

लूसने जाकिटाची घडी घालायला सुरुवात केली. तिला एकदम काम सुचले होते.  हेर्माने बदली खेळाडूसाठी चौथ्या पंचाकडे वळून हात वर केला.

फेम्के बाहेर आली. तिने वीत्स्केच्या तळव्याला तळवा लावला, पण नजरेला नजर दिली नाही. प्रेक्षकांतल्या एका कोपऱ्यातून जल्लोष उठला; बाकीचे ही कोण, असे एकमेकांना विचारत राहिले.

वीत्स्के गोलरेषेवर पोहोचली, तेव्हा कॉर्नर घेणाऱ्या मुलीने हात उंचावला होता. नेमकी समोर कर्णधार उभी होती, शंभरावर सामने खेळलेली, आणि तिच्या पाठीआड चेंडू दिसत नव्हता.

"बाजूला हो!" वीत्स्के ओरडली.

कर्णधाराने चमकून मागे पाहिले. मग ती बाजूला झाली.