तोंड उजळणं

तळमजल्यावर पाणीवाले, मधे दाणेवाले आणि वर दातवाले, अशी त्या प्रयोगशाळेची वाटणी शिपायाने केली होती आणि ती सगळ्यांनीच मान्य केली होती. पाणीवाले गावोगावचं पाणी तपासत. दातवाले तोंडाच्या रोगांवर काम करत. मधल्या मजल्यावर अक्का होती. दात ज्या खनिजाचा बनतो तेच खनिज ती भट्टीत तयार करी. त्याचे दाणे पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेत आणि त्याचाच बारीक लेप डागाळलेल्या दातावर बसवता येईल का, हे ती पाहत होती.

त्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण एक बरणी घेऊन खाली आली.

"अक्का, हे बघ. दातांचे विद्यार्थी सरावासाठी दात विकत आणतात ना, त्यातले आहेत. एकही किडलेला नाही. मुळं बघ कशी धडधाकट आहेत. वय फार तर अठरा-वीस. असे दात कोण उपटतं?"

अक्काने बरणी उजेडात धरली. सगळे पुढचे दात. प्रत्येकावर तपकिरी आडवे पट्टे.

"आमच्या वस्तीतले आहेत," ती म्हणाली. तसेच पट्टे तिच्या स्वतःच्या दातांवर होते, त्यामुळे डॉक्टरणीने पुन्हा विचारलं नाही. मग अक्कानेच सांगितलं. वस्तीत जवळपास सगळ्यांचेच दात असे. मुलग्यांचं त्यामुळे काही अडत नाही. मुलीचं लग्न जमायच्या आधी मात्र तिचे वरचे-खालचे पुढचे दात काढून पांढरीशुभ्र कवळी बसवतात. त्याला 'तोंड उजळणं' म्हणतात. बाजारात एक दात बसवणारा आहे, तो एका बैठकीत काम उरकतो. मुलाकडच्यांनाही ठाऊक असतं, पण कवळी पांढरी असली की कुणी काही विचारत नाही.

"आणि तुझं?"

"माझ्या वेळी वडील अंथरुणाला खिळले. त्या गडबडीत तोंड उजळायचं राहून गेलं. मग लग्नही राहून गेलं." अक्का हसली, आणि हसताना सवयीने तिचा हात ओठांवर गेला.

दोघी बरणी घेऊन तळमजल्यावर गेल्या. पाण्याचा तपासनीस जाडजूड, थट्टेखोर माणूस होता, पण बरणी बघून त्याची थट्टा जिरली. वस्तीतल्या हातपंपाचं पाणी त्याने कधीच तपासलं होतं. "ज्या पाण्याने मी गाडीसुद्धा धुणार नाही, ते लहान पोरं पितायत," तो म्हणाला. "घराण्याचा दोष वगैरे काही नाही. पाण्याचा दोष आहे. दुधाचे दात पडायच्या आधी नवे दात हाडात घडत असतात, तेव्हाच त्यांत पाण्यातलं फ्लोराइड मुरतं. पण वस्तीतली मंडळी ऐकून घेतील तर ना! मला दोनदा दारातूनच वाटेला लावलंय."

"मी सांगते," अक्का म्हणाली. "निदान माझा भाऊ ऐकेल."

संध्याकाळी ती भावाच्या घरी गेली तेव्हा भावजय भाकऱ्या थापत होती. थोरली पुतणी चिमी पाट्यापाशी बसून कच्चे शेंगदाणे कुरुमकुरुम खात होती आणि धाकटी तिच्या हातातले पळवत होती.

"खाऊन घे बाई," भावजय म्हणाली. "पुढच्या महिन्यात दाणे कुटून खावे लागतील."

अक्काने विचारलं, "म्हणजे?"

"स्थळ आलंय. मुलगा दुकानात आहे, घर पक्कं आहे. ते बघायला यायच्या आत तोंड उजळून घ्यायचं."

चिमीने मान खाली घातली. "आत्या, तूच सांग ना गं यांना. माझे दात दुखत नाहीत की काही नाही."

अक्काने भावाला सगळं समजावलं, पाणी, पट्टे, मुळं. भावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग उठून खिडकी लावून घेतली.

"हळू बोल. पाण्यात विष आहे असं एकदा बाहेर पडलं, की या वस्तीतली एक पोर कुणी करणार नाही. म्हणतील, हाडापर्यंत मुरलंय, पोरं कशी होतील हिला? दात काढले तर निदान निभावतं."

"निभावतं?" अक्का भावजयीकडे वळली. "तूच सांग, कसं निभावतं?"

भावजयीने पिठाचे हात पुसले. तोंडात बोट घालून तिने कवळी काढली आणि तळहातावर ठेवली. गाल आत गेले, ओठ मिटले, ऐन चाळिशीतल्या त्या बाईची एका क्षणात म्हातारी झाली. "अशं," ती बोबड्या आवाजात म्हणाली. कवळी पुन्हा बसवून तिने काटवटीकडे पाहिलं. "माझ्या आईने मला धरून ठेवलं होतं. मी तिला नाही नाही ते बोलले. पण संसार झाला की नाही माझा? तुम्ही शिकलात अक्का, तुमचं निभलं. हिचं कोण बघणार?"

अक्काने भावाचा हात धरला. "लेप तयार होत आलाय. माणसांवर वापरायची परवानगी मिळायला वेळ लागेल, पण दात न काढता डाग झाकता येतील. तोवर थांब. एवढं माझं ऐक."

"थांबतो," भाऊ म्हणाला.

तो थांबला नाही. मुलाकडच्यांनी बघायला यायची तारीख अलीकडे ओढली, आणि भावाने अक्काला कळू न देता चिमीला बाजारात दात बसवणाऱ्याकडे नेलं.

अक्काला ते कळलं रविवारी. ती दारात पोचली तर धाकटी बाहेर बसली होती, आणि आत्या दिसूनही पळत आली नाही. "ताईला बरं नाही," एवढंच म्हणाली. मागच्या खोलीत चिमी भिंतीला टेकून बसली होती. तिला आडवं होता येत नव्हतं. हनुवटीखालचा भाग फुगून गळ्याशी एक झाला होता, जीभ वर ढकलली गेली होती आणि लाळ गळत होती. आत्याला बघून तिने काही बोलायचा प्रयत्न केला, पण नुसता घरघर आवाज आला.

"दवाखान्यात का नेलं नाही?"

"सूज उतरेल म्हणाला तो दात बसवणारा," भाऊ खाली बघत म्हणाला. "दवाखान्यात नेलं असतं तर बभ्रा झाला असता. परवा ते बघायला येतायत."

अक्काने पुतणीला उचललं. रिक्षात चिमीने तिचा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. दवाखान्याच्या दारात ती बोटं सैल पडली. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करायची खटपट केली, पण उशीर झाला होता. जखमेतला पू जिभेखालून गळ्यात उतरला होता.

घरी माणसं भेटायला येऊ लागली. भाऊ प्रत्येकाला सांगत होता, "ताप डोक्यात गेला." माणसं मान हलवत होती. खरं काय ते त्यांतल्या निम्म्याजणांना माहीत होतं. मधेच त्याने अक्काला बाजूला घेतलं. "तूही तेच सांग. धाकटीचं बघायचंय अजून."

अक्का परत खोलीत आली ती बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "चिमी तापाने गेली नाही. तिचे चांगले दात उपटले, त्याची जखम चिघळली, आणि लोक काय म्हणतील म्हणून तिला कोंडून ठेवलं. आपल्या पोरींचे दात पंपाच्या पाण्याने खराब होतात. पाणी आपण बदलत नाही, पोरींची तोंडं बदलतो."

एक एक करून माणसं उठली आणि चपला शोधू लागली. शेवटचा माणूस गेल्यावर भाऊ म्हणाला, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."

दुसऱ्या दिवशी अक्का आणि पाण्याचा तपासनीस वस्तीत गेले आणि हे पाणी पिऊ नये या खुणेचा तांबडा रंग हातपंपाला फासला. ज्याला फ्लोराइड शोषणाऱ्या दाण्यांची गाळणी हवी असेल त्याने माझ्या घरी यावं, असं अक्काने दारोदार सांगितलं. निम्मी दारं तोंडावर आपटली. सकाळपर्यंत कुणीतरी रंग खरवडून काढला होता. तिने पुन्हा लावला. तोही खरवडला गेला, आणि तिसऱ्या खेपेला रंग लावताना कुणीतरी मागून मारलेला दगड तिच्या खांद्याला लागला. गाळणी न्यायला कुणीच आलं नाही. दात बसवणाऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक होतंच.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी अक्काच्या दारावर थाप पडली. भावजय उभी होती. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात धाकटीचं मनगट. इतकी घट्ट पकड की पोरीचा हात पांढरा पडला होता.

"हिला ठेवून घ्या," भावजय उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "हिचा बाप न्यायला येईल. दार उघडू नका. त्याच्या जोडीला मी आले तरी उघडू नका."

"आत तर ये."

"नको." ती धाकटीकडे न बघता बोलत राहिली. "अक्का, चिमीचं डोकं मी धरलं होतं. तो दात बसवणारा ओढत होता आणि ती मला, आई सोड, आई सोड म्हणत होती. मी म्हटलं, झालंच आता."

अक्काने पुढे होऊन तिला जवळ घ्यायला हात केला, पण भावजय मागे सरली.

"तुमचा रंग कुठाय?" तिने विचारलं.

"कशाला?"

"तुम्ही लावता म्हणून खरवडतात. माझ्यासमोर कोण खरवडतो ते बघते. मी पंपापाशी बसणार आहे. ज्या बाईला पाणी भरायचंय तिने माझ्याकडे बघून भरावं."

अक्काने डबा आणि कुंचला आणून दिला. भावजयीने तो घेतला आणि भर उन्हात वस्तीच्या रस्त्याला लागली. दारात उभी राहिलेली धाकटी आईच्या मागे निघाली. अक्काने तिला आत घेतलं आणि कडी लावली.