पोचा आलेला पेला

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनासमोर उभं राहून दहा मिनिटं झाली नव्हती, तोच गोदामामींना घरी पळावंसं वाटू लागलं. आल्या होत्या मोठ्या कौतुकाने. त्यांच्याकडे वीस वर्षं भांडी घासणाऱ्या जयंतीची मुलगी शशिकला आता लोकांना समान हक्कांच्या लढ्याचा इतिहास दाखवत शहरभर फिरवते. तिनेच फोन करून बोलावलं होतं. आणि तिला बीजगणित शिकवलं कुणी? मामींनीच की! तेही फुकट, वेस्ट मांबलमच्या घराच्या मागच्या पायरीवर बसवून.

आता त्या पायरीनेच जीव खाल्ला होता. घरात का नाही बसवलं, हे हिने चारचौघांत काढलं तर?

"पूर्वी कितीतरी स्टेशनांत ब्राह्मणांची जेवायची खोली वेगळी असायची," शशिकला तमिळमध्ये सांगत होती. मामी चष्मा पुसत होत्या, उगाच घड्याळ बघत होत्या. बारा-पंधरा माणसांत ओळखीचं कुणी नव्हतं, तेवढंच नशीब.

मग शशिकलाने पिशवीतून स्टीलचा पेला काढला. "हे काही फार जुनं नाही बरं का. दहा वर्षांपूर्वीपर्यंत माझी आई कामाच्या घरी यातून कॉफी प्यायची. पेला खिडकीबाहेर ठेवलेला असायचा."

पेला हातोहात फिरू लागला. मामींनी तो लगेच ओळखला. त्यांच्याच लग्नातला पेला, पोचा आला म्हणून जयंतीच्या वाट्याला गेलेला. ती काम सोडून निघाली तेव्हा "घेऊन जा गं" म्हणून त्यांनीच दिला होता, आणि वर स्वतःला उदारही समजल्या होत्या. मेली ती उदारता!

"यावर काहीतरी कोरलंय," नवीन नावाचा एक तरुण म्हणाला. "हिंदी का?"

"मराठी. मला येत नाही वाचता," शशिकला म्हणाली. मामींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तंजावरच्या मराठी घराण्यातल्या आजोबांनी हट्टाने मराठीत नाव घालून घेतलं होतं. ते वाचू शकणारी इथे एकच बाई होती. गप्प बसलं की सुटका. पेला हातात आला तसा मामींनी अक्षरांवर अंगठा दाबला. शेजारणीने हात पुढे केला, तरी पेला काही सोडवेना. शरमेने कान तापले.

"चिरंजीव गोदेस, आजोबांकडून," त्यांनी वाचलं. इतकी वर्षं वर्गावर खणखणीत चाललेला आवाज आज कापत होता. "गोदा म्हणजे मी."

शशिकलाने पेला घेऊन पिशवीत ठेवला.

"अम्मा म्हणाली होती, टीचर वाचणार नाहीत," एवढंच म्हणून ती सगळ्यांना घेऊन रस्ता ओलांडू लागली.

मांबलमची गाडी पकडायची तर मागे वळायला हवं होतं. मामी तिच्या मागोमाग निघाल्या.