पांढरीची दसऱ्याची अंघोळ

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे मी आधीच लिहून देते. मी एक जुनी पांढरी गाडी आहे. मोठ्या चाकांची, उंच पाठीची, 'सात माणसं' असं कागदोपत्री लिहिलेली. आणि गेल्या रविवारी, या वयात, मी ठाकूरवाडीची चढण तिसऱ्या गिअरमध्ये चढले!

हसू नका. आज मी लोधिवलीला, नवनाथ मिस्त्रीच्या आवारात उभी आहे, म्हणून मला आजारी समजू नका. मी इथं नुसतं ऑइल बघायला आले आहे. शेजारी ही रिक्षा ब्रेकसाठी थांबली आहे आणि पलीकडे तो टेंपो बॉनेट उघडून जांभई देतो आहे. त्यांनाही वेळ आहे, मलाही आहे. तर ऐका.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा माझा रंग असा लख्ख होता, की भिसेगावात आल्या दिवशी खाचरातले बगळे उडून माझ्या टपावर येऊन बसले. त्यांना वाटलं, आपल्यातलीच कुणी थोरली पाहुणी आली. नामा, म्हणजे माझा मालक, त्यांना हाकलत नव्हता. तो नुसता कमरेवर हात ठेवून बघत होता. रस्त्याकडेची जागा फार्महाऊसवाल्याला देऊन त्यानं मला आणलं होतं. त्याची बायको इंदूबाई ताट घेऊन ओटीवर आली. तिनं आधी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"जमीन गेली नि ही आली. आता हिलाच नांगरायची काय?"

"अगं, ओवाळ तरी. दारात उभी हाय ती."

"ओवाळते की. तिचा काय दोष!"

तिनं मला ओवाळलं, भाकरीचा तुकडा उतरून टाकला आणि बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उठवली. त्या दिवसापासून माझं नाव पडलं पांढरी.

मग कामाला लागले. सकाळी कर्जत स्टेशन, दुपारी भाताची पोती, लग्नसराईत वऱ्हाड. आणि बाजाराच्या दिवशी ठाकूरवाडी. तिथली चढण अशी उभी, की रिक्षा खालीच हात जोडते. (हो, तुला म्हणते आहे.) एकदा मी वाडीतून तेवीस माणसं आणि दोन बकऱ्या उतरवल्या.

"तेवीस?" रिक्षानं विचारलं.

बरं, एकवीस. पण बकऱ्या दोनच, त्यात मी कधी फरक करत नाही.

वाडीतल्या बायकांना घड्याळाची गरज नव्हती. खालच्या वळणावर मी दुसरा गिअर घेतला की आवाज बदलायचा. तो वर ऐकू गेला की त्या पाट्या बांधायला घ्यायच्या. ओढ्यापाशी मी पहिला घेतला की डोक्यावर चुंबळ ठेवायच्या. मी वर पोचेपर्यंत सगळ्या रांगेत उभ्या! त्यांच्यात मंगळी सगळ्यांत पुढे. वय विचारलं तर म्हणायची, "आंब्याला ठावं." तो आंबा ती जन्मली तेव्हा तिच्या बापानं लावला होता.

एका उन्हाळ्यात मंगळीची जांभळांची पाटी माझ्या मधल्या सीटवर कलंडली. नामा असा ओरडला की ओढ्यातले खेकडे बिळात गेले. मंगळीनं लुगड्याच्या पदरानं पुसलं, लिंबू चोळलं, राखही लावून पाहिली. डाग काही गेला नाही.

"ऱ्हाऊ दे नामादादा," ती म्हणाली. "ही माझी जागा झाली. आता हितं दुसरी कुणी बसली तर बघ."

त्यानंतर तिथं दुसरं कुणी बसलं नाही. खरंच सांगते. यात एक शब्दही वाढवलेला नाही.

पण मित्रांनो, माझा खरा सण दसरा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नामा भाडं घ्यायचा नाही. सकाळी मला खोपोलीपर्यंत एक फेरी मारून आणायचा, "जरा मोकळी होऊ दे" म्हणून. आणि तशीच, इंजिन तापलेलं असतानाच, थेट उल्हास नदीत घालायचा. पोटापर्यंत पाणी! मग पॅन्ट गुडघ्यावर दुमडून, म्हैस धुवावी तसा तो मला धुवायचा. नारळाच्या शेंडीनं चाकं घासायचा. घाटावर ट्रॅक्टर असायचे, दुचाक्या असायच्या, पण माझ्याइतका वेळ कुणाच्या मालकानं दिला नाही. मी डोळे मिटून उभी राहायची. पोटाखालून गार पाणी जायचं. काय सुख होतं ते! आठवलं की अजून टायर ओले होतात. असे तेरा दसरे झाले.

तेराव्या दसऱ्यानंतर, दिवाळी सरताच, माझ्या पोटात घरघर सुरू झाली. ती पहिल्यांदा मंगळीनं ओळखली. चढण चढून मी थांबले तेव्हा ती माझ्या दाराशी आलीच नाही. लांबूनच कान देऊन उभी राहिली.

"नामादादा, तुझी गाडी कण्हते रं."

"अगं, म्हातारी झाली ती."

"मी पन झाले. मी कुठं कण्हते?"

नामानं हसण्यावारी नेलं. पुढं दुसरा गिअर आपोआप सुटायला लागला. नामाचा मुलगा मनोज खालापूरकडे कंपनीत जायचा, सुट्टीच्या दिवशी मला चालवायचा. सगळं खापर त्याच्यावर फुटलं.

"गिअर हाय तो, वेल ओढल्यागत काय ओढतोस! तुमा पोरांना क्लच दाबायचीबी घाई."

"बाबा, मी नीट टाकतो. तुमी बसून बघा शेजारी."

"मला काय बघायचं? तेरा वर्षं काय नाय झालं हिला."

मनोजनं किल्ली ओटीवर ठेवली आणि पुन्हा मला हात लावला नाही. दुचाकी घेतली. मला फार वाईट वाटलं. त्याच्या हाताची चूक नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण गाडीला हॉर्नशिवाय वाचा नसते, आणि हॉर्नमधून एवढं मोठं वाक्य येत नाही.

शेवटी चौक गावाच्या अलीकडे भर दुपारी पोटात कडकड झाली आणि सगळे गिअर एकदम मेले. इंजिन चालू, चाकं गप्प. मला दोरानं बांधून इथं आणलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना ओढलं, त्या दिवशी मला एका कोंबडीच्या टेंपोनं ओढलं. रस्ताभर पिसं माझ्या काचेवर येत होती. मित्रांनो, तेव्हा मी मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी नामा आला. मनोजही आला, पण लांब उभा राहिला. नवनाथनं माझ्या पोटाखाली घमेलं सरकवलं आणि गिअरबॉक्सचा नट काढला. तेल काळं यायला हवं होतं. आलं ते घट्ट दुधाच्या चहासारखं.

नवनाथनं त्यात बोट बुडवलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "नामाशेठ, गाडी नदीत धुता काय?"

"दर दसऱ्याला!" नामाची छाती फुगली. "पोटापर्यंत पाण्यात घालतो. आदी फेरी मारून आणतो नि मग धुतो. चकाचक."

"गरम असतानाच?"

"मग? थंड करायलाच तर पाण्यात घालायची."

नवनाथनं हात पुसले. "शेठ, गिअरबॉक्सला वर एक नळी असते. तो तिथनं श्वास घेतो. तापलेला तसाच गार पाण्यात गेला की आत श्वास ओढतो, नि श्वासाबरोबर पाणीबी ओढतो. तेल तुमी कधी बदललं?"

नामानं आठवायला म्हणून बोटं उघडली आणि तशीच मिटली.

"बेअरिंगं गेली. दोन गराऱ्यांचे दात गेले. मजुरी धरून चाळीस हजार. भंगारवाला गाडीचे साठ देतोय, म्हणजे अख्ख्या गाडीचे. तुमी ठरवा."

नामा त्या घमेल्याकडे बघत राहिला. मग वळून मनोजला म्हणाला, "तुला उगाच बोललो रं. हिला मीच बुडवली."

मनोज पुढं आला. त्यानं माझ्या बॉनेटवर चिकटलेलं कोंबडीचं पीस काढून टाकलं. तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला. किल्ली नवनाथकडे ठेवून जा, म्हणत होता. नामानं किल्ली हातात धरली, थोडा वेळ तिच्याशी चाळा केला आणि खिशात टाकली.

"बघतो," तो नवनाथला म्हणाला, आणि दोघं गेले.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला कळकळीनं सांगते. ज्याच्यावर माया कराल त्याला नुसतं चकचकीत करू नका, त्याच्या पोटातही डोकावून बघा. तापलेली गाडी आधी निवू द्या. नदीत घालू नका, बादलीनं धुवा. आणि काही बिघडलं तर आधी मंगळीसारखे कान द्या, मग पोराला बोला.

पुढचं काय विचारता? पुढं सगळं छान झालं! तिसऱ्याच दिवशी नामा आला, चाळीस हजार मोजून. नवनाथनं अशा गराऱ्या बसवल्या की कारखान्याला लाज वाटावी. मनोजनं मला चालवत घरी नेलं, नामा शेजारी बसून एक शब्द बोलला नाही. इंदूबाईनं पुन्हा ओवाळलं, पुन्हा बोटं उठवली. आणि रविवारी मी वाडीवर निघाले. खालच्या वळणावर दुसरा घेतला, तर वर बायका पाट्या बांधायला लागल्या. ओढ्यापाशी पहिला घ्यायचा, तर मी तिसरा घेतला, तिसरा! मंगळीला चुंबळ ठेवायलाही सवड मिळाली नाही. धावत आली आणि म्हणाली, "पांढरे, आता कुठं गं कण्हतेस!" आणि आपल्या जांभळ्या डागावर अशी बसली, जशी...

"ए मावशे," रिक्षा म्हणाली, "ऑइल बघायला आलीस म्हनतेस, पन ऑइल घालनार कशात? नामाशेठ 'बघतो' म्हनून गेला त्याला आज नववा दिवस, नि तुझा गिअरबॉक्स अजून त्या गोणपाटावर उघडा पडलाय!"